आई म्हणतात

नणंदेने माळेतला एक मणी दोन बोटांत धरला, पुढच्या दातावर हलकेच दोनदा वाजवला आणि कान दिला.

"काच नाही," ती म्हणाली. "काच दाताला गार लागते आणि टणटण वाजते. हा बघा कसा बोदा वाजतो. तुम्हीही वाजवून बघा, वहिनी."

"माझे पुढचे दात खोटे, वन्सं. तुम्हीच बसवलेत. खोट्यावर खरं वाजवून काय कळणार?"

काउंटरपलीकडच्या बाईला भाषा कळली नाही, पण नणंद हसली म्हणून तीही हसली. तिने माळ दिव्यासमोर धरली. मधासारखा रंग, आत बारीक चकाकणारे पापुद्रे. वहिनीने मान डोलावली आणि दुकानात बसायला कुठे काही आहे का ते पाहिलं. एक उंच स्टूल होतं, त्यावर मांजर झोपलं होतं.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एक माणूस छोट्या यंत्राने मण्याला भोक पाडत होता. यंत्राचा आवाज थेट दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा. नणंदेने नाक वर केलं, दोनदा हुंगलं, आणि माळ पुन्हा मखमलीवर ठेवली.

"चला," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ॲक्रिलिक. तीस वर्षं हाच वास नाकात घेऊन जगतेय मी. दातावर खरं वाटलं, कारण दाताचंच सामान आहे ते. तुमच्या तोंडात आहे तेच पुन्हा गळ्यात कशाला?"

बाहेर ऊन होतं, पण वाराही होता, आणि फरशांचा रस्ता चढाचा होता. वहिनीच्या छातीवर सकाळी चिकटवलेला नऊ नंबरचा कागद अजून होता. जहाजावरून उतरताना प्रत्येकाच्या छातीवर असा नंबर लावत, म्हणजे कोण कुठल्या बसमधलं ते कळावं. बसने त्यांना चौकात सोडलं होतं आणि परतीची शेवटची बस पावणेचारला होती. मध्ये सगळा वेळ मोकळा होता. वहिनीला त्या मोकळ्या वेळाचीच धास्ती वाटत होती.

बारा दिवसांच्या सफरीतला हा सातवा दिवस. सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. सात वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि सात वर्षं वहिनीने त्यांचं सगळं केलं. त्यासाठी टपाल खात्यातली नोकरी मुदतीआधी सोडली. नणंद लांबच्या शहरात राहायची, विमानाने जायच्या अंतरावर. तिथे तिचा दाताचा दवाखाना होता आणि ती एकटीच होती. सासूबाई गेल्या तेव्हा ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. सगळं आटोपलं होतं. मग सहा महिन्यांनी तिचा फोन आला, की तिकिटं काढली आहेत, दोघींची, समुद्राची सफर, नाही म्हणायचं नाही. "आता तुम्ही नुसतं बसायचं. समुद्र बघायचा आणि दुसऱ्याने केलेलं खायचं." वहिनीच्या नवऱ्याला बोटीच्या नावानेच मळमळायचं. तो म्हणाला, तुम्ही दोघी जा.

बसणं काही होत नव्हतं. न्याहारीची वेळ, बोटीवरून उतरण्याची वेळ, रांगेची वेळ, व्याख्यानाची वेळ. विश्रांतीचंसुद्धा एवढं वेळापत्रक असतं हे वहिनीला माहीत नव्हतं. खोली साफ करणारी मुलगी रोज पांढऱ्या टॉवेलची घडी घालून त्याचा हत्ती नाहीतर ससा करून पलंगावर ठेवी. वहिनी तो उलगडून, सरळ चौकोनी घडी घालून कपाटात ठेवून देई. तिसऱ्या दिवसापासून ती मुलगी यायच्या आत वहिनी स्वतःच पलंग आवरून ठेवू लागली.

"अहो, त्या पोरीची नोकरी जाईल," नणंद म्हणाली होती.

आणि प्रत्येक बंदरावर नणंद तिच्यासाठी काहीतरी घेत होती. पहिल्या बंदरात शाल. दुसऱ्यात मऊ तळव्याचे बूट. तिसऱ्यात चामड्याची पिशवी, जी वहिनीच्या खांद्यावर आत्ता होती आणि रिकामी असूनही जड लागत होती. वहिनी प्रत्येक वेळी कशाला, कशाला म्हणे आणि मग गप्प बसे. नको म्हणायलाही जोर लागतो.

इथे अंबर मिळतं हे जहाजावरच्या व्याख्यानात कळलं होतं. जुन्या झाडांचा चीक, लाखो वर्षं मातीत आणि समुद्रात राहून दगडासारखा झालेला. नणंदेने वहीत लिहून घेतलं. वहिनी शेजारी पेंगत होती. व्याख्यान संपल्यावर तिने एवढंच म्हटलं, "म्हणजे डिंकच की. वय झालं म्हणून भाव खातोय."

दुसऱ्या दुकानातली माळ खरी निघाली, पण मणी लिंबाएवढे. वहिनीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हे घालून मी उभी राहिले तर लोक गाडीला जुंपतील."

"मग अजून एक बघू. एकच. वर, त्या कमानीपाशी."

"बघू की."

तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत ठणकत होते. नणंद पुढे चालत होती, भराभर, मान पुढे काढून, पेशंटच्या तोंडात वाकायच्या सवयीने खांदे जरा वाकलेले. मध्येच थांबून मागे बघायची, हसायची आणि पुन्हा चालायला लागायची.

तिसरं दुकान म्हणजे एका घराची खालची खोली होती. दोन पायऱ्या उतरून जायचं. खिडकीखाली एक म्हातारा कारागीर पॉलिशच्या चाकापाशी बसला होता आणि त्याच्या बाह्यांवर, भुवयांवर पिवळी धूळ होती. माळा दाखवायचं काम त्याची बायको करत होती. तिने आधी वहिनीच्या पायांकडे पाहिलं आणि आतून खुर्ची आणून दिली. वहिनी बसली. त्या क्षणी ती माळ घ्यायला तयार झाली असती, कुठलीही.

म्हातारीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. मिठाच्या पाण्याचा पेला पुढे ठेवून त्यात एक मणी टाकला. तो तरंगला. काचेचा टाकला, तो बुडाला. मग एक मणी लोकरीवर घासून कागदाच्या कपट्यांवर धरला, कपटे उडून चिकटले. नणंद शाळकरी मुलीसारखी वाकून बघत होती.

"आत किडा अडकलेला असतो तसा आहे का, विचारते."

"किडा कशाला? घरात मुंग्या काय कमी आहेत?"

किड्यांचे मणी म्हातारीकडे नव्हते. ते बहुतेक खोटे असतात, असं ती म्हणाली. मग तिने मागच्या खणातून एक माळ काढली. मणी बोराच्या बीएवढे, एकसारखे नाहीत, काही दुधाळ, काही चहाच्या रंगाचे. वहिनीने ती हातात घेतली. वजन जवळजवळ नव्हतंच. दगड गार असेल असं तिला वाटलं होतं, पण तो कोमट होता, कुणीतरी नुकताच गळ्यातून काढून दिल्यासारखा.

"ही छान आहे," ती म्हणाली आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"घाला ना. थांबा, मी लावते हूक."

नणंद तिच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हातारीने एक छोटा आरसा समोर धरला. त्यात वहिनीला हनुवटीपासून खालचं स्वतःचं दिसत होतं, गळ्याच्या सुरकुत्या, माळ, छातीवरचा नऊ नंबर, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना नणंदेची बोटं. चेहरा दोघींचाही दिसत नव्हता.

हूक बारीक होतं. नणंदेची बोटं मानेपाशी चाचपडत राहिली.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा की."

"आई शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

या प्रश्नाचं उत्तर वहिनीकडे तयार होतं. आठ महिने तयार होतं. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा तिने वेळोवेळी असलीच उत्तरं दिली होती. रोज आठवण काढायच्या, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. पण सकाळपासून ती उभी होती, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं.

"नाही," ती म्हणाली.

मानेपाशी बोटं थांबली.

"काहीच नाही?"

"शेवटी त्यांना कुणीच ओळखू येत नव्हतं, वन्सं. तुमचे दादा समोर बसले तर हे गृहस्थ कोण म्हणून विचारायच्या. मला सिस्टर म्हणायच्या. सिस्टर, माझ्या आईला निरोप द्या, मला घरी न्यायला या म्हणावं. आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर पडून."

"किती दिवस असं?"

"वर्ष. जास्तच."

"पण मी दर रविवारी फोन करत होते. तुम्ही तिच्या कानाशी धरायचात. मग घ्यायचात आणि मला सांगायचात, आई म्हणतात असं, आई म्हणतात तसं."

"ते मी म्हणत होते."

म्हातारीने आरसा थोडा खाली केला. तिला वाटलं, हूक लागत नाही. तिने हात पुढे केला, मग दोघींकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"पाऊस आहे, छत्री ने. जेवणाची वेळ चुकवू नकोस. ते सगळं?"

"बरंचसं."

चाकाची घरघर चालू होती. नणंद हळू आवाजात म्हणाली, "आणि फेब्रुवारीत मी तिकीट बघत होते तेव्हा. आई म्हणतात, येऊ नकोस, पेशंट टाकून धावत येऊ नकोस, उन्हाळ्यात निवांत ये."

वहिनीने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"तेही मीच."

"का?"

"तुम्ही आलात की घरात एक माणूस वाढतं. तुमचं अंथरूण, तुमचा चहा. आणि तुम्ही रडता. तुम्ही रडलात की समजूत मला घालावी लागते. आईंचं मी ओढत होते कसंतरी, पण वर तुमचं झेपलं नसतं. एक माणूसही जास्त झेपलं नसतं." ती थांबली. "मला वाटलं, उन्हाळा काढतील. अकरा दिवसांत जातील असं नव्हतं वाटलं."

वहिनीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"तुमची आणि आईंची भेट मी चुकवली, वन्सं. आणि तुम्ही मला शाली घेताय."

हूक सुटलं. माळ गळ्यावरून सरकली आणि नणंदेने ती काउंटरवर ठेवली, व्यवस्थित, गोल करून. वहिनी खुर्चीचा हात धरून उठली. म्हातारीला तिने नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि दोन पायऱ्या चढून बाहेर आली.

रस्त्यापलीकडे एक ठेंगणी भिंत होती. तिच्यावर ती बसली. खाली छपरांच्या पलीकडे बंदर दिसत होतं आणि त्यात त्यांचं जहाज, सगळ्या गावापेक्षा उंच, मजल्यांवर मजले. आपली खिडकी कुठली ते तिने शोधून पाहिलं आणि सोडून दिलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. नुसती तहान लागली होती. परत गेल्यावर नणंद बोलणार नाही, उरलेले पाच दिवस एकाच खोलीत, दोन पलंगांमध्ये हातभर अंतर. तेही निभेल, तिने मनाशी म्हटलं. निभवायची सवय होती.

दहा-बारा मिनिटांनी नणंद बाहेर आली. डोळे लाल होते. ती येऊन भिंतीवर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"आईने जन्मात कधी कुणाला येऊ नकोस म्हटलं नाही," ती म्हणाली. "विजेचं मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा बसा, पाणी घ्या म्हणायची. तिच्या तोंडचं नव्हतंच ते वाक्य. मला तेव्हाच कळलं होतं. फोनवरच."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं.

"मग आला का नाहीत?"

"हायसं वाटलं मला. फोन ठेवला आणि हायसं वाटलं. तिला तशी बघायची नव्हती मला. आदल्या खेपेला मी तिच्या तोंडात बघितलं, हिरड्या सुजलेल्या, आणि मी दाताची डॉक्टर, तरी माझ्याच्याने हात घालवला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कापसाने पुसत होतात आणि मी दारातून बघत होते. कुणीतरी येऊ नकोस म्हणायची वाट बघत होते मी. तुम्ही म्हणालात." तिने नाक पुसलं. "सहा पेशंट बघितले त्या दिवशी. एकाला गोष्टसुद्धा सांगितली कसली तरी. मला आठ महिने वाटतंय की तुम्हाला हे माहीत आहे. म्हणून तर शाली."

"मला कुठलं माहीत असायला?"

"तुम्हाला सगळं माहीत असतं असं वाटायचं."

एक माणूस कुत्र्याला घेऊन समोरून गेला. कुत्र्याने दोघींचे बूट हुंगले.

"म्हणजे दोघींच्याही झाकल्या मुठी," वहिनी म्हणाली. "आणि आपण दुकानं फिरतोय."

नणंदेला हसू आलं, अर्धवट, आणि त्यातच तिला खोकला आला. वहिनीने हात उचलला, तिच्या पाठीवरून फिरवायला. मग तो तसाच मांडीवर ठेवला. खोकला आपोआप थांबला.

नणंदेने पर्समधून एक कागदाची पुडी काढली. आत माळ होती.

"घेतलीत?"

"त्या बाईचा अर्धा तास खाल्ला आपण, न घेता कसं यायचं? हे बघा, हे बक्षीस नाही. लाचही नाही. नुसती माळ आहे. तुम्हाला नको असेल तर मी घालीन."

"तुम्हीच घाला."

नणंदेने माळ स्वतःच्या गळ्यात घातली. हूक या वेळी चटकन लागलं.

"कशी दिसते?"

"पिवळी," वहिनी म्हणाली.

शेवटच्या बसमध्ये त्यांना शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. बस उतारावरून सावकाश खाली निघाली. पुढे कुणीतरी मोठ्याने आपली खरेदी दाखवत होतं. नणंद खिडकीबाहेर बघत होती, आणि बघता बघताच, मान न वळवता तिने विचारायला सुरुवात केली.

"उशिरा एकटी चालत घरी जाऊ नकोस, ते?"

"माझं."

"दवाखान्याची भिंत निळी नको, पांढरीच ठेव?"

"तेही माझंच. निळी फार गार दिसली असती."

"पांढरीच ठेवली मी." ती जरा थांबली. "केस कापले ते चांगले दिसतात?"

"ते त्यांचं. फोटो दाखवला होता तुमचा. बराच वेळ बघितला. ही मुलगी कोण, छान दिसते, म्हणाल्या. 'ही मुलगी कोण' तेवढं मी गाळलं."

नणंदेने माळेतला एक मणी बोटात धरला आणि फिरवत राहिली. बस बंदराच्या फाटकापाशी वळली.

"आणि मी नवऱ्याचं घर सोडून निघाले तेव्हा," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली. त्याच्याकडे सामान तसंच होतं, मी हॉटेलात होते, आणि मी परत जाणार होते. बॅग भरून ठेवली होती. तुम्ही फोन केलात. रविवार नव्हता. आई म्हणतात, तिकडे परत जाऊ नकोस. तुझं तू राहा, तुला जमेल. तेवढ्या एका वाक्यावर मी बॅग उघडली पुन्हा. तेव्हा ती बोलत होती ना? थोडं थोडं? ते…"

वहिनीने तिच्याकडे वळून तोंड उघडलं.

"नको," नणंद म्हणाली. "ते नका सांगू."

वहिनीने तोंड मिटलं. बस थांबली, लोक उठले, डोक्यावरच्या फळीवरून पिशव्या निघाल्या. दोघी बसून राहिल्या, गर्दी कमी होईपर्यंत.

जहाजावर चढायचा लाकडी पूल वाऱ्याने पाणी चढल्यामुळे सकाळपेक्षा उभा झाला होता. खाली पहारेकऱ्याने दोघींची कार्डं यंत्राला लावली, यंत्र वाजलं. वहिनीने वर पाहिलं. आडव्या पट्ट्या मोजाव्या असं तिला वाटलं, पण मोजल्या नाहीत.

"धरा," नणंद म्हणाली आणि कोपर पुढे केलं.

"चढेन मी."

"चढाल हो. तरी धरा."

वहिनीने आधी नुसता हात ठेवला. चार पावलांनंतर तिने भार टाकला. नणंद थोडी वाकली, तिने दुसऱ्या हाताने कठडा धरला, आणि दोघी एकेक पट्टी करत वर जाऊ लागल्या. मागे रांगेतल्या लोकांना जरा थांबावं लागलं.